डावं मागचं चाक

पहिल्या वेळी खरोखरच बिघाड होता. हे मास्तरांच्या बाजूने आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही.

मास्तर म्हणजे गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड, शेडच्या मागच्या दारातून आत गेलं की दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढा त्यांचा पसारा. इंजिन, गिअर, टायर असल्या कामांना ते हात लावत नसत. "मेकॅनिककडे न्या," असं ते ज्या सुरात सांगत, त्यावरून मेकॅनिक म्हणजे काहीतरी साथीचा आजार असावा असं नव्या गिऱ्हाइकाला वाटे. त्यांचं काम वायरींचं, आणि त्यातही एबीएसचं. घाईघाईत ब्रेक दाबला तरी चाकं जागच्या जागी आवळून गाडी घसरू नये, म्हणून प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर बसवलेला असतो. चाक किती वेगाने फिरतंय ते तो कंट्रोल युनिटला कळवत राहतो. चारांपैकी एकाने जरी तोंड मिटलं, तरी युनिट सगळंच एबीएस बंद करतं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावून मोकळं होतं. साधे ब्रेक मात्र लागतात. हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा, कारण मास्तर पुढे वर्षभर त्याचीच उशी करून झोपले.

दिवा लागला की लोक स्कॅनर लावतात. स्कॅनर म्हणाला डावं मागचं चाक, की लोक डाव्या मागच्या चाकाचा सेन्सर बदलतात, आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. मग गाडी मास्तरांकडे येई. "स्कॅनर गल्ली सांगतो, घर आपल्याला शोधावं लागतं," असं म्हणत ते सेन्सरच्या वायरीला मीटर जोडत आणि चाकापासून पुढे एकेक वीत वायर धरून हलवत जात. हलवता हलवता मीटरवरचा आकडा उडाला की चोर तिथेच सापडला. या हलवण्याला ते 'गुदगुल्या' म्हणत. गुदगुल्यांना दोन माणसं लागतात, एक वायरीपाशी आणि एक मीटरपाशी. मीटरला आकडा धरून ठेवायचं बटण होतं, पण मास्तरांचा त्या बटणावर विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास त्यांच्या मुलीच्या आवाजावर होता. आठ वर्षांची असल्यापासून ती स्टुलावर बसून आकडा ओरडायची. "अकराशे दहा, अकराशे दहा, अकराशे बारा... गेला!"

तीच मुलगी आता एका लॅबमध्ये नोकरीला होती. पहाटे गाडी काढायची, घरोघर जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांचं रक्त काढायचं आणि नऊच्या आत नळ्या लॅबमध्ये पोचवायच्या. तिचा हात इतका हलका की सुई कधी गेली ते कळायचं नाही, म्हणून लोक फोनवर तिचीच मागणी करत. तो हात आपल्याकडून आलाय, हे मास्तर येईल त्याला ऐकवत. राहायला ती शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. मास्तर त्याला पाठीमागे 'घड्याळजी' म्हणत आणि तोंडावर 'जावईबापू' म्हणत, आणि दोन्हींत मान सारखाच होता, म्हणजे नव्हताच. बोलावलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी येऊन दाराबाहेर उभा राहणारा माणूस त्यांना मुळात सहनच होत नसे.

आई होती तोवर मुलगी आईसाठी यायची. स्वयंपाकघरात दोघींची कुजबुज चालायची, मधूनच खो खो हसणं, आणि मास्तर शेडमध्ये बसून ते ऐकायचे. त्यांना वाटायचं, पोरगी आपल्याला भेटायला आलीय. बायको गेली तेव्हा त्यांना हिशेब कळला. मुलगी यायची, समोर बसायची. "बाकी?" "बाकी ठीक." की संपलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे दोघंही इतका वेळ बघत, की त्या महिन्याच्या तारखा पाठ व्हाव्यात. मग येणं कमी झालं आणि फोन वाढले. मग फोनही कमी झाले. यात कुणाचा दोष म्हणावा असं काही नव्हतं. मास्तरांना स्वतःच्या पोरीशी बोलता येत नव्हतं, आणि साठी उलटलेल्या माणसाला ते शिकवणार कोण?

अशात तिच्या गाडीचा दिवा लागला. ती आली, जुनं स्टूल ओढून बसली, मीटर मांडीवर घेतलं आणि मास्तर गाडीखाली शिरले. चार तास लागले. त्या चार तासांत ती आकड्यांच्या मधेमधे जे बोलली, तेवढं वर्षभरात बोलली नव्हती. लॅबमधला साहेब कसा खडूस आहे. एक आजोबा रक्त काढून झालं तरी तिला उठू कसे देत नाहीत. नवरा म्हणतो, ही पहाटेची वणवण कशाला, गाडी विकून टाक आणि घराजवळच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बस.

"घड्याळात डोकं घालून बसणाऱ्याला गाडीतलं काय कळतंय?" मास्तर खालून म्हणाले.

ती हसली. हुबेहूब आईसारखी. मास्तरांचे डोळे भरून आले. गाडीखाली उताणं पडलेल्या माणसाला एक बरं असतं, त्याचं तोंड कुणाला दिसत नाही.

बिघाड कपलरमध्ये निघाला, म्हणजे जिथे सेन्सरची वायर गाडीच्या वायरिंगला जोडली जाते त्या जोडात. आत हिरवा गंज चढला होता. मास्तरांनी तो साफ केला, दिवा गेला, आणि मुलगीही गेली. दोन महिने फिरकली नाही.

दुसऱ्या वेळी ती कशाला तरी पाच मिनिटं डोकावली. "आलीच आहेस तर कपलर बघून घेतो," म्हणत मास्तरांनी तो उघडला आणि बसवताना त्याचा खटका पुरता लावायचा राहिला. ते खरंच विसरले होते. दहा दिवसांनी दिवा लागला, ती आली, आणि रविवारची दुपार पुन्हा पहिल्यासारखी गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी विसरल्याचं नाटक केलं, आणि तेही स्वतःपुढेच, कारण दुसरं बघणारं कुणी नव्हतं. चौथ्या वेळेपासून नाटकाचीही गरज उरली नाही.

कपलरमध्ये एका बाजूला पिना असतात, दुसऱ्या बाजूला त्या पकडणाऱ्या चिमट्यासारख्या खोबणी. मास्तरांनी मीटरच्या वायरीच्या टोकाची एक सुई कानशीने घासून टोकदार केली आणि तिने ती खोबण अर्ध्या केसाइतकी उघडली. सपाट रस्त्यावर पिन टेकलेली राहते. खड्ड्यातून, गतिरोधकावरून गेली की क्षणभर सुटते. जितकी जास्त उघडावी तितका दिवा लवकर. दोन-तीन वेळांतच त्यांना त्याचा असा अंदाज आला, की पुढचा रविवार ठरवून गाठता यावा. नीट चालणारी गोष्ट बेताने बिघडवायला ती दुरुस्त करण्यापेक्षा जास्त अक्कल लागते, आणि अकलेला मास्तरांकडे तोटा नव्हता. लाज थोडी कमी पडली.

"बाबा, या वायरीला झालंय तरी काय?" ती वैतागून विचारायची.

"जुनी गाडी आहे, असं चालायचंच. दिवा लागला म्हणून घाबरायचं नाही. ब्रेक लागतात ना? मग झालं तर. रविवारी ये."

तेही खोटं नव्हतं. ब्रेक लागत होते. आपण उभं आयुष्य एबीएसशिवायच्या गाड्या चालवल्या, मेलो का, असं ते अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःला विचारत, आणि मेलो नाही हे उघडच असल्यामुळे त्यांना झोप लागे. हळूहळू मुलगीही त्या दिव्याला सरावली. सोमवारी लागला तरी रविवारपर्यंत तशीच गाडी हाकायची. दिव्याकडे दुर्लक्ष करायला तिला कुणी शिकवलं, हे वेगळं सांगायला नको.

एका मंगळवारी सकाळी शेडसमोर टॅक्सी थांबली. मुलगी उतरली. डाव्या हातात बॅग होती, आणि उजवा हात कोपरापासून बोटांच्या मुळांपर्यंत प्लास्टरमध्ये.

"बसू द्या आधी," ती म्हणाली, आणि त्या स्टुलावरच बसली.

चार दिवसांपूर्वी पहाटे ती उतारावरून येत होती. रस्ता धुणारी गाडी नुकतीच गेलेली, डांबर ओलं. गल्लीतून एक सायकलवाला आडवा आला. तिने ब्रेकवर पाय दिला आणि चाकं आवळली. स्टिअरिंग पुरतं फिरवलं तरी गाडी सरळच घसरत राहिली. सायकलवाला कसाबसा वाचला. गाडी विजेच्या खांबावर गेली. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

"पिवळा दिवा लागलेला होता का?" मास्तरांनी विचारलं.

"बुधवारपासून. म्हटलं, रविवारी येतेच आहे." ती प्लास्टरकडे बघत होती. "डॉक्टर म्हणतात, बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही ते सहा आठवड्यांनी कळेल. सुई धरता येईल का म्हणून विचारलं, तर म्हणाले, घाई करू नका."

मास्तरांना बसायला जागा शोधावी लागली. टायरच्या रिमवर ते बसले.

"ऐकून घ्या, अजून संपलं नाही. गाडी ओढून जवळच्या मोठ्या वर्कशॉपला नेली. तिथल्या इलेक्ट्रिशियनने मला कपलर दाखवला, भिंगाखाली. म्हणाला, मॅडम, हे झिजून झालेलं नाही. टोकदार हत्याराने मुद्दाम उघडलंय, आणि एकदा नाही, बऱ्याचदा. मला म्हणाला, गाडीला हात कोण कोण लावतं?" ती थांबली. "दोघंच. तुम्ही आणि तो. त्याच्या टेबलावर सुया आणि चिमटे काय कमी आहेत, बाबा? आणि गाडी विकून टाक म्हणून माझं डोकं कोण खात होतं?"

बोलायची वेळ हीच होती. ती वेळ पुढ्यात येऊन उभी राहिली आणि निघून गेली, आणि मास्तर नुसते रिमवर बसून राहिले.

"मी त्याला तोंडावर विचारलं. एक शब्द बोलला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. निर्दोष माणूस ओरडतो तरी. मी आता त्या घरात परत जाणार नाही."

"चहा टाकतो," मास्तर म्हणाले.

त्यानंतरचे चार दिवस मास्तरांना हवे होते तसेच गेले, आणि त्यांना त्या चार दिवसांची शिसारी आली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. दोरीवर मुलीची ओढणी वाळत होती. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसत, आणि कॅलेंडरकडे बघावं लागत नव्हतं, कारण ती बोलत होती. नवऱ्याबद्दल बोलत होती. मागच्या साध्या साध्या गोष्टी काढून त्यात तिला आता काळंबेरं दिसत होतं. तो गाडीत विसरलेली छत्री आणायला खाली गेला होता, तो तेवढ्यासाठीच. पहाटे उठून गाडीच्या काचा पुसून ठेवायचा, तेही तेवढ्यासाठीच. मास्तर हूं हूं करत. एका डाव्या हाताने तिला वेणी घालता येईना, तेव्हा ती पाठ करून त्यांच्यापुढे बसली. वायरींचे पेड वळण्यात उभी हयात गेलेली, त्यामुळे वेणी घट्ट आणि सरळ आली.

"आईपेक्षा बरी घालता की," ती म्हणाली.

मास्तर उठून शेडमध्ये गेले आणि ती टोकदार सुई त्यांनी भंगाराच्या डब्यात टाकली. थोड्या वेळाने स्वतःच जाऊन ती परत काढली. असल्या पुराव्याची विल्हेवाट लावणारा माणूस आपण आहोत, हे त्यांना पाहवेना. आणि सांगून टाकणाराही आपण नाही, हेही त्यांना कळून चुकलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी ती हात दाखवायला दवाखान्यात गेली होती, तेव्हा घड्याळजी आले. मुलीची गाडी घेऊन आले. पुढचा भाग ठोकून सरळ केलेला होता, रंग अजून बाकी होता. त्यांना गाडी जेमतेम येत असे. शहर ओलांडून ते कसे आले असतील ते त्यांच्या घामेजलेल्या सदऱ्यावरून दिसत होतं.

"बसा, जावईबापू," मास्तर सवयीने म्हणाले.

ते बसले नाहीत. बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "त्या वर्कशॉपमध्ये मीही गेलो होतो, ती इकडे आल्यावर. कपलर बघितला. माझं स्वतःचं भिंग नेलं होतं."

मास्तरांनी उगाच एक पाना उचलून पुसायला घेतला.

"ओरखडे सगळे एकाच बाजूने तिरके आहेत. डावखुऱ्या माणसाचे. आणि माझं कुठलंही हत्यार त्या मापात बसत नाही, ते फार बारीक पडतं. जाडी मीटरच्या सुईची आहे." त्यांनी हे घड्याळात काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं, न ओरडता.

मास्तरांनी डावा हात पाठीमागे नेला. मग तो नेल्याचीच त्यांना लाज वाटली.

"तुम्हाला कळलं होतं," ते शेवटी म्हणाले. "मग तिला सांगितलं का नाहीत? पाच दिवस ती तुमचा उद्धार करतेय इथे."

"तिने विचारलं तेव्हा कळलं नव्हतं. पण करणारे दोघंच आणि मी तर नाही, एवढं समजत होतं. मग काय बोलणार होतो?" घड्याळजींनी कपाळ पुसलं. "आई गेल्यापासून माहेर म्हणून तिला तुम्ही एकटे आहात. मी तुमचं नाव घेतलं असतं तर तिने मला खोटारडा म्हटलं असतं, नाहीतर तुम्हाला टाकलं असतं. त्यातलं काही माझ्या तोंडून व्हायला नको होतं. तुम्ही ठरवा. मी आजही बोलणार नाही. ती खोबण मी तिथे बदलू दिली नाही, आहे तशी आहे."

मास्तरांना त्या माणसाचा असा राग आला, की हातातला पाना मारावासा वाटला. त्याने आरडाओरडा करायला हवा होता. म्हातारचळ लागलाय म्हणायला हवं होतं, मग मास्तरांनाही तोंड सोडता आलं असतं. इतकी वर्षं ज्याला कवडीमोल समजले, तो माणूस शेडमध्ये उभा राहून त्यांना सुटायची वाट मोकळी करून देत होता, आणि ती वाट घेतली तर मुलगी कायमची या घरात राहणार होती. प्लास्टर निघेल. वेणी ती स्वतः घालेल. रविवार, सोमवार, सगळेच वार तिचे. फक्त तोंड मिटून ठेवायचं होतं.

बाहेर टॅक्सीचं दार वाजलं.

ती आत आली आणि नवऱ्याला बघून जागीच थांबली. "हा इथे कशाला?"

"गाडी द्यायला," घड्याळजी म्हणाले. "निघतोच आहे."

ते खरंच निघाले. शेडच्या दारापर्यंत गेले. आणखी दहा पावलं गेले असते, तर मास्तर कदाचित बोललेही नसते.

"थांबा," मास्तर म्हणाले. "पोरी, कपलर मी उघडत होतो. त्याने नाही. मी."

ती आधी बघत राहिली आणि मग चक्क हसली. "बाबा, पुरे. माझा संसार सावरायला निघालात होय?" ती नवऱ्याकडे वळली. "यांना काय पढवलंस तू? काय सांगितलंस, मुलगी नवऱ्याला सोडून आली तर लोक काय म्हणतील? आणि हे लगेच सगळं आपल्या अंगावर घ्यायला तयार!"

"त्याने काही सांगितलेलं नाही."

"तुम्ही आयुष्यात कधी गिऱ्हाइकाची साधी वायर वाकडी बांधली नाहीत. तुम्ही माझ्या गाडीचा कपलर उघडलात? मी काय लहान आहे?"

सगळ्यांत कडू हेच होतं. चोर स्वतःहून कबूल होतोय, आणि फिर्यादी त्याच्या चांगुलपणाचे दाखले देतोय.

मास्तरांनी मग बोलणं सोडून दिलं. त्यांनी मीटरच्या लांब वायरी पुढच्या युनिटच्या टोकाला लावल्या, मीटर तिच्या डाव्या हातात दिलं आणि ते मागच्या चाकापाशी गेले. चाकावरच्या प्लास्टिकच्या अस्तराच्या आत हात घातला. त्या अंधाऱ्या खाचेत कपलर शोधायला दुसऱ्याला बॅटरी लागली असती. त्यांना लागली नाही. अर्ध्या मिनिटात तो बाहेर आला. त्यांनी खिशातून ती घासलेली सुई काढली, आधी खोबण दाबून घट्ट केली आणि जोड लावला.

"बघ, किती?"

"अकराशे दहा," ती म्हणाली, अजून रागातच.

त्यांनी वायर जोरजोरात हलवली. आकडा हलला नाही. मग जोड सोडवून त्यांनी डाव्या हाताने सुई खोबणीत घातली आणि किंचित मुरडली. पुन्हा जोड लावला.

"आता?"

"अकराशे दहा."

त्यांनी वायरीला नुसतं बोट लावलं.

"गेला," तिच्या तोंडून निघालं.

"एवढी उघडली की तीन आठवडे," मास्तर म्हणाले. त्यांनी परत जोड सोडवला, सुई आणखी थोडी मुरडली. "एवढी उघडली की आठ-दहा दिवस. गेल्या वर्षी तुझ्या वाढदिवसाला सकाळी दिवा लागला होता. तू लॅबमधून सरळ इकडे आलीस. मी आधीच केक आणून ठेवला होता. तू म्हणालीस, बाबा, मी येणार हे तुम्हाला कसं कळलं?"

घड्याळजी दाराबाहेर रस्त्याकडे तोंड करून उभे होते. मुलीच्या हातातलं मीटर हळूहळू खाली आलं. वर्षभर तो बिघाड कायमचा का जात नव्हता, हे तिला आता एकेक रविवार करत कळत असावं, कारण तिचा चेहरा एकदम नाही, थोडा थोडा बदलत गेला.

"का?" तिने विचारलं.

"तू यायचीस."

"नुसतं ये म्हटलं असतंत तर आले नसते का मी?"

"आली असतीस. आणि काय बोललो असतो आपण?"

याचं उत्तर आपल्याकडेही नाही, याचा तिला आणखी राग आला. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं तिने वळवून बघितली. ती अर्धीच वळली. मास्तरांनीही ते बघितलं.

मग मास्तर कामाला लागले, कारण दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतं. त्यांनी जुनी खोबण कापून टाकली. कपाटातून नवी काढली, वायर सोलली, पक्कडीने दाबून बसवली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. कपलरचं रबर बदललं. खटका लागल्याचा आवाज त्यांनी कान लावून ऐकला. वायर जिथे जिथे घासण्यासारखी होती तिथे टेप गुंडाळली. जन्मात केलं नव्हतं इतकं चोख काम त्यांनी त्या तासाभरात केलं. मुलगी मीटर धरून बसली होती आणि विचारलं की आकडा सांगत होती, बाकी काही नाही.

स्कॅनर लावून त्यांनी कोड पुसला, गाडी सुरू केली आणि गल्लीतल्या गतिरोधकावरून चार फेऱ्या मारून आणली. दिवा लागला नाही.

"झालं," मास्तर म्हणाले.

तिने मीटर टेबलावर ठेवलं, आत जाऊन बॅग आणली. घड्याळजींनी बॅग घेतली आणि तिच्यासाठी दार उघडलं. ती ओरडली नाही, रडली नाही. सासरी जाताना मास्तरांच्या पायाशी वाकायची, तशी वाकलीही नाही. मास्तर शेडच्या दारात हात पुसत उभे होते आणि ती काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत होते. शिव्या दिल्या असत्या तरी त्यांनी त्या आनंदाने घेतल्या असत्या.

तिने डाव्या हाताने पट्टा लावून घेतला. काच खालीच होती.

"घरी जायच्या आधी," ती नवऱ्याला म्हणाली, "ब्रेक दुसऱ्या कुणाला तरी दाखवून घेऊ."